दोन टर्म झाल्या, आता घरी जा!

मंडळी, "पुढाऱ्यांना दोनच टर्म द्या" असं कँटीनमध्ये कुणी म्हटलं की सगळ्या माना डोलतात. माझी डोलत नाही. कारण, अर्नी चेंबर्स.

अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या विधिमंडळात (एकच सभागृह, ४९ सदस्य, कागदोपत्री पक्षच नाहीत!) हा गडी १९७१ पासून बसायचा. उत्तर ओमाहातला कृष्णवर्णीय न्हावी, पुढे कायद्याची पदवी घेतलेला. कित्येक वर्षं सभागृहात एकमेव कृष्णवर्णीय. सूटबूट नाही, साधा टी-शर्ट. पगार वर्षाला १२,००० डॉलर, त्यामुळे पैशासाठी खुर्चीला चिकटला असंही म्हणायची सोय नाही.

त्याचं हत्यार म्हणजे नियमपुस्तिका. ती कोळून प्यायलेला. नको ते विधेयक आलं की तासन्‌तास बोलून अडवायचं. २००७ मध्ये तर त्याने चक्क देवावर खटला भरला! कोर्टाचं दार कुणालाही बंद करता येणार नाही, हे दाखवायला. २००८ मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला, कारण नोटीस बजावायला देवाचा पत्ता नाही. त्यावर चेंबर्सचं म्हणणं, देव सर्वज्ञ आहे ना, मग त्याला नोटीस मिळालीच की!

असा माणूस अनेकांना नकोसा होणारच. २००० मध्ये राज्यभरच्या मतदारांनी घटनादुरुस्ती केली: सलग दोनच टर्म. ती त्याच्यासाठीच आणली असं तेव्हाही बरेच जण म्हणत. २००९ मध्ये तो बाहेर.

आता सांगा, उत्तर ओमाहाने कुणाला निवडायचं हे बाकीच्या राज्याने का ठरवावं? नको असेल तर निवडणुकीत पाडा ना. "नवीन रक्त" म्हणाल, तर लॉबीवाल्यांना आणि सचिवांना कुठे टर्मची मर्यादा असते? जुना कोड समजणारा एकमेव माणूस काढून टाकला की सिस्टीम व्हेंडरच्या हातात जाते, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला हवं का? त्याच्या अडवणुकीत चांगली विधेयकंही रखडली असतील, मान्य. पण तो हिशोब त्याच्या मतदारांनी करायचा.

त्यांनी केलाही. २०१२ मध्ये तो परत निवडून आला आणि नियमाप्रमाणे चार वर्षं घरी बसून २०१३ मध्ये पुन्हा सभागृहात बसला. फाशी रद्द करायचं विधेयक तो कित्येक वर्षं आणत होता. १९७९ मध्ये मंजूर झालं, तर गव्हर्नरने व्हेटो केला. २०१५ मध्ये पुन्हा मंजूर, पुन्हा व्हेटो, आणि या वेळी सभागृहाने ३० विरुद्ध १९ मतांनी तो व्हेटोच उडवला. (२०१६ मध्ये मतदारांनी फाशी परत आणली. त्यांचा हक्कच तो.)

२०२१ मध्ये त्याच नियमाने त्याला पुन्हा घरी पाठवलं. वय तेव्हा ८३.