विंचवाला स्पॉन्सर मिळत नाही!

ऑफिसच्या सीएसआर कमिटीत माझं नाव आलं, तेव्हा मी जाम खूश होते. चला, एक्सेलमधून चार दिवस सुटका! त्यात पहिलीच व्हिजिट लोट्याला. मुंबई-गोवा हायवेवर खेड सोडलं की चिपळूणच्या आधी लागणारी ती एमआयडीसी आठवतेय? माझं आजोळ तिथून हाकेच्या अंतरावर. लहानपणी एसटीत कितीही गाढ झोपलेली असले, तरी केमिकलचा वास नाकात शिरला की कळायचं, आलं लोटे, बॅगा काढा!

काम आटोपून मामाकडे मुक्काम केला. जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून त्याला आमच्या भन्नाट आयडियाज दाखवल्या. शाळेला बाकं, एसटी स्टॉपला शेड, आरओ प्लांट, एक अ‍ॅम्ब्युलन्स. सगळ्यांवर कंपनीचा लोगो, मस्त मोठ्ठा!

मामाने सगळं नीट बघितलं. मग म्हणाला, "चांगलं आहे गो. पण आमची आक्का गेली ना, तेव्हा डॉक्टर होता घरात. रात्रभर तिच्या उशाशी बसला होता. त्याच्याकडे द्यायला औषधच नव्हतं."

आक्का म्हणजे माझी थोरली मावशी. मी तिला फक्त फोटोत पाहिलंय. नऊ वर्षांची होती. जांभ्याच्या गडग्यातला दगड उचलताना लाल विंचू चावला. संध्याकाळी घामाने भिजली, हातपाय गार पडले, रात्री तोंडाला फेस आला. पहाटे गेली. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आणि मामा स्वतः? त्याला नव्वदच्या दशकात तसाच विंचू चावला. गोळी मिळाली, दुसऱ्या दिवशी घरी!

या दोघांच्या मधल्या वर्षांत काय झालं, ते मला लोट्यापासून फार लांब शोधावं लागलं नाही. कशेडी घाट उतरून पोलादपूरच्या पुढे गेलं की महाड. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचवाने माणसं मरताना बघून ते नोंदी ठेवू लागले. विषामुळे शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं, हे लक्षात आल्यावर त्यांनी प्राझोसिन वापरून पाहिलं. ही ब्लडप्रेशरची जुनी, स्वस्त गोळी. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यावरचा लेख आला. गंभीर केसेसमध्ये पूर्वी शंभरात तीस-चाळीस जण दगावत, ते प्रमाण एक-दोनवर आलं. २०२२ मध्ये डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

पुढचा प्रश्न होता, विंचवाच्या विषावरची लस आणि गोळी एकत्र दिली तर? आपल्या चिपळूणकडच्या डॉ. व्ही. एस. नातू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही २००६ आणि २०१० मध्ये या लसीवरचे अभ्यास प्रसिद्ध केले. महाडला बावस्कर दांपत्याने आपल्या हॉस्पिटलमध्ये ७० पेशंटवर रीतसर ट्रायल केली. ३५ जणांना नुसती गोळी, ३५ जणांना गोळी आणि लस. दहा तासांनी पहिल्या गटातले ८ पूर्ण बरे झाले होते, दुसऱ्यातले ३२! २०११ मध्ये हा निकाल 'बीएमजे'त छापून आला.

आता तुम्हीच सांगा, असल्या ट्रायलला पैसे कोण देणार? गोळी जुनी, स्वस्त. पेशंट शेतमजूर. कुठल्या कंपनीला यात धंदा दिसेल? पण नर्स, ईसीजी, पेशंटचा विमा, आकडेमोड करणारा माणूस, या सगळ्यांना पैसे लागतातच ना!

सोमवारी मीटिंगमध्ये मी हे सगळं बोलून टाकलं. एकदम शांतता. मग फायनान्सवाला म्हणाला, "पण फोटो कशाचा काढायचा?" सगळे हसले, मीही हसले. पण बॉसचा प्रश्न चोख होता. "ट्रायल म्हणजे गरिबांवर प्रयोगच ना?"

मी होमवर्क करून गेले होते. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची प्रचंड ट्रायल सुरू झाली. १,३१,७४६ बायका, गेट्स फाउंडेशनचा पैसा. एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने मृत्यू जवळपास निम्म्याने कमी होतात, हे २००९ मध्ये जगाला कळलं. पण तुलनेसाठी ठेवलेल्या ३१,४८८ बायकांची तपासणी झाली नव्हती. त्यावर पुढे बोचरे प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारायलाच हवे होते. महाडला मात्र दोन्ही गटांना तेव्हाचं नेहमीचं औषध मिळालं होतं. म्हणून चेक फाडण्याआधी आपण विचारायचं. दुसऱ्या गटाला काय मिळणार? एथिक्स कमिटीची परवानगी आहे? २००९ पासून औषधांच्या ट्रायलची सीटीआरआयमध्ये नोंद सक्तीची आहे, तो नंबर कुठाय? आणि निकाल आपल्याला आवडला नाही, तरी छापला जाणार ना?

कायदाही आड येत नाही, बरं का. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर खर्च करायचे असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सरकारी पैशावरच्या विद्यापीठांना आणि आयसीएमआरसारख्यांच्या संस्थांना वैद्यकीय संशोधनासाठी दिलेले पैसेही त्यात धरले जातात.

मीटिंगचा निकाल? शेड पास, बाकं पास. अ‍ॅम्ब्युलन्सही पास, आणि ती हवीच होती. माझ्या विषयाला शीटमध्ये एक ओळ मिळाली, 'ग्रामीण वैद्यकीय संशोधन', पुढच्या क्वार्टरला चर्चा. रकमेचा रकाना रिकामा.

रात्री मामाचा फोन. "काय झालं गो?"

म्हटलं, "ओळ मिळाली, मामा. आकडा भरायचाय."

तुमच्या ऑफिसातही असली शीट असेलच. एकदा उघडून बघा. नसली ती ओळ, तर घाला.