वाद करावा, वैर करूं नये

आपल्या चावडीवर वादांना तोटा नाहीं. परंतु त्यांतून निष्पन्न काय होतें? एकानें मुद्दा काढला कीं दुसरा त्याची जात काढतो, तिसरा त्याच्या बापाचें कर्ज काढतो, आणि मुद्दा बिचारा उपाशीच घरीं जातो!

चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं दारूबंदी झाली व २०२१ सालीं ती उठली. अशा प्रश्नावर बंदी मागणारी बाई ढोंगी आणि बंदी नको म्हणणारा दारूवाल्याचा हस्तक, असा निकाल आपण आधींच देऊन मोकळे होतों. वास्तविक मजुरीचा पैसा घरांत राहिला काय, चोरटी दारू किती वाढली, हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. ते घरोघर विचारून पाहावयाचे असतात. शिव्यांनीं सुटत नाहींत.

आतां गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) हें गोंड बांधवांचें लहानसें गांव पाहा. तेथील ग्रामसभा बहुमतानें निर्णय घेत नाहीं, सर्वांच्या संमतीनें घेते. एकाची जरी हरकत असली तरी विषय पुढच्या सभेवर जातो. शिवाय गांवाचा अभ्यासगट आहे. तेथें निर्णय करावयाचा नसतो, म्हणून कोणाला जिंकावयाचेंही नसतें. फक्त समजून घ्यावयाचें असतें.

ह्या संवयीचें फळ पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्यानें २००९ सालीं गांवाला सुमारें १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकण्याचा वाहतूक-परवाना वनखातें देईना. बांबूला तें झाड समजे. गांवानें कायदाच पुढें ठेवला: त्यांत बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिला आहे. अखेर एप्रिल २०११ मध्यें तेव्हांचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गांवांत आले आणि परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. कायदा समजून घेतला होता, म्हणूनच गांव ठाम राहूं शकलें.

कोणी म्हणेल, सर्वसंमतीला वेळ लागतो. लागतो खराच. आणि सासरा बसला म्हणून सून गप्प, मालक बसला म्हणून मजूर गप्प, अशा मौनाला संमती म्हणणें ही तर शुद्ध लबाडी! म्हणून मागच्या ओळींतल्याला आधीं बोलूं द्यावें.

मुलाला धडा समजला कीं नाहीं हें आम्ही मास्तर तो त्याच्याच शब्दांत सांगावयास लावून पाहतों. सभेंतही तीच रीत ठेवावी. समोरच्याचें म्हणणें आधीं आपण सांगून दाखवावें. तो ‘होय, हेंच’ म्हणाला, मगच उत्तर द्यावें.

उद्यां तेंदूपानांच्या लिलावावर किंवा तळ्याच्या पाण्यावर आपल्या गांवीं सभा बसेल. न पटणाऱ्याला प्रथम विचारा, “दादा, तुमचें म्हणणें काय?” सभा उठल्यावर त्याच्याच बांधाशेजारीं आपणांस नांगर धरावयाचा आहे.

— एक खेडूत मास्तर