प्रकल्पाच्या गटात आपली जागा कुठे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत ऑन जॉब ट्रेनिंग आणि फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट मिळू लागले. अभियांत्रिकीत शेवटच्या वर्षी कंपनीचा प्रश्न गटाने सोडवायचा, ही पद्धत तर जुनीच. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. त्यामुळे अनेकांसाठी नोकरीचे दार इथेच उघडते.

पण गट बनतात ओळखीतून. वस्तीतून, वसतिगृहातून आलेली आपली मुले-मुली उरलेल्या गटात जातात. कोड लिहितात, रिपोर्ट टाइप करतात. कंपनीसमोर प्रेझेंटेशन मात्र फाडफाड इंग्रजी बोलणारा देतो. लक्षात राहतो तोच.

हा प्रश्न गुणवत्तेचा नाही, रचनेचा आहे. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये 6 जणांच्या संघात किमान 1 मुलगी बंधनकारक आहे. म्हणजे नियमाने गट बदलतो. तथागतांनी शाक्य राजपुत्रांच्या आधी नाभिक उपालींना प्रव्रज्या दिली; पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगितला तो उपालींनीच.

आमची मागणी साधी आहे: गट विभागाने पाडावेत, प्रत्येकाने प्रेझेंटेशन द्यावे आणि कोणी काय केले ते रिपोर्टमध्ये नोंदवावे. मित्रांनो, विभागप्रमुखांना तसे लेखी निवेदन देऊया. जय भीम!