मिस्टर एकच, मग मिस आणि मिसेस का?



इंग्रजी न येणाऱ्या घरांतही 'मिसेस' हा शब्द आता मराठीच होऊन बसला आहे. 'आमच्या मिसेस येतील' असे म्हटले की बायकोला मान दिल्यासारखे वाटते. या आखूड शब्दामागचा इतिहास मात्र आपण समजून घेण्यासारखा आहे.

मूळ शब्द 'मिस्ट्रेस', म्हणजे मालकीण, कारभार पाहणारी बाई. 'मिसेस' आणि 'मिस' ही दोन्ही त्याचीच आखूड रूपे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये स्वतःचा व्यवसाय चालवणाऱ्या अविवाहित बाईलाही 'मिसेस' म्हणत. पुढे लग्न झालेली ती 'मिसेस' आणि न झालेली ती 'मिस' अशी वाटणी झाली. पूर्ण 'मिस्ट्रेस'च्या वाट्याला तर 'ठेवलेली बाई' हा अर्थ आला. 'मास्टर'पासून झालेला 'मिस्टर' मात्र लग्नाआधी, लग्नानंतर, बायको वारल्यावरही मिस्टरच!

लग्नाचा पत्ता न सांगणारा 'मिझ' हा शब्द १९०१ साली अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राने सुचवला होता. तो मागे पडला. १९६० च्या दशकात शीला मायकल्स यांनी त्याचा आग्रह धरला. १९७२ मध्ये ग्लोरिया स्टायनम आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी आपल्या मासिकालाच ते नाव दिले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो वापरायला मात्र १९८६ साल उजाडले.

आपल्याकडेही पुरुषाला एक 'श्री.' पुरतो. बाईला कुमारी, सौभाग्यवती, श्रीमती अशा पायऱ्या. 'श्रीमती' हा खरे तर सर्वच स्त्रियांसाठी चालण्यासारखा शब्द, पण मराठीत तो विधवेला चिकटला. २०२३ मध्ये राज्याच्या तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावे असा प्रस्ताव चर्चेला आणला, तेव्हा स्त्रियांनी विरोध केला तो यासाठीच. नवे नाव देऊनही ओळख नवऱ्याच्या मरणाचीच राहणार होती.

नवऱ्याने टाकलेली बाई सल्ला केंद्रात अर्ज भरायला बसते, तेव्हा पहिल्याच रकान्याशी अडते. 'सौ.' लिहावे तर संसार उरलेला नाही, 'श्रीमती' लिहावे तर नवरा जिवंत आहे. तिची तक्रार पोटगीची असते, आणि आपण तिला आधी तिचे कुंकू विचारतो.

कुणी म्हणेल, नावापुढचे अक्षर बदलून मार थांबतो का? नाही थांबत. पण भाड्याने खोली मागताना, बँकेत, मुलाच्या शाळेत तिला जो प्रश्न ठायी ठायी विचारला जातो, तोच त्या रकान्यात छापलेला असतो. निदान आपल्या दारात तरी तो नको. पोटगीसाठी लग्नाची माहिती लागतेच. ती त्या जागी विचारावी, नावाच्या आधी नव्हे.

म्हणून सर्व गटांना विनंती आहे. आपली सभासद पत्रके, शिबिरांच्या नोंदवह्या, निमंत्रणपत्रिका एकदा काढून पाहा. उपाधीचा रकाना असेल तर खोडा. जिला आवडीने 'सौ.' लावायचे आहे तिने जरूर लावावे, पण ती निवड तिची असावी, छापखान्याची नव्हे. हा बदल करताना काय अडचणी आल्या, कोणी काय आक्षेप घेतले, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यावर चर्चा करू.

– संपादक मंडळासाठी