वृक्ष प्राधिकरणात तज्ज्ञ हवेतच

‘वृक्ष प्राधिकरणातल्या तज्ज्ञांमुळे शहराची कामे रखडतात’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मुंबईच्या अनुभवाशी जुळत नाही.

राज्याच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार प्राधिकरणाचे अध्यक्ष आयुक्त असतात. नगरसेवक सदस्य असतात, आणि झाडांची जाण असलेल्या संस्थांचे प्रतिनिधी नामनियुक्त करता येतात. ही तिसरी जागा बरीच वर्षे शोभेपुरती राहिली. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तज्ज्ञांविना चाललेल्या मुंबईच्या प्राधिकरणाचे कामकाज रोखले, तेव्हा कुठे नेमणुका झाल्या. म्हणजे काम अडले ते तज्ज्ञ नसल्याने!

नेमणुकीनेही सगळे भागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आरेतील मेट्रो कारशेडसाठी २,६४६ झाडे हटवण्याचा प्रस्ताव प्राधिकरणात बहुमताने मंजूर झाला. त्यानंतर दोन तज्ज्ञ सदस्यांनी राजीनामे दिले. मतदान पक्षांच्या भूमिकेवर होणार असेल, तर वनस्पतिशास्त्र शिकलेल्या माणसाने त्या खुर्चीत बसून करायचे काय?

सामान्य नागरिकाच्या हाती तर याहूनही कमी असते. झाड तोडण्याच्या प्रस्तावाची खोडावर डकवलेली नोटीस आठवावी. पावसात शाई पसरलेली, झाडाचा क्रमांक जेमतेम वाचता येणारा कागद. हरकत घ्यायची ती त्याच्या भरवशावर.

२०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. झाडाचे वय ठरवायला तरी जाणकार लागणारच. त्यांना स्थळपाहणीचा अहवाल बैठकीआधी मिळावा, भिन्नमत इतिवृत्तात शब्दशः नोंदवले जावे आणि ते इतिवृत्त हरकत घेणाऱ्यांनाही पाठवले जावे.