अंधारात लाल काय अन् हिरवं काय?

परवा रात्री दीडला लाईन आली. आंबियाचा ताण तोडायचा होता, म्हणून संत्र्याला पहिलं पाणी सोडलं. अर्ध्या तासात एक फेज गेला, मोटर घुरघुरायला लागली. धावत पेटीपाशी गेलो, चाचपून दाबलं ते निघालं स्टार्टचं बटण. तेही दोनदा! स्टॉप सापडेपर्यंत जळका वास सुटला होता.

मेकॅनिक म्हणे, "भाऊ, लाल-हिरवं तर असते ना!" असते. पण अंधारात दोन्ही काळेच. माझ्या पेटीवरची दोन्ही बटणं एकाच मापाची, एकाच उंचीची, शेजारीशेजारी. ज्यानं बनवली त्यानं ती ट्यूबलाईटखालीच पाहिली असणार. अन् "टॉर्च नेत जा" म्हणणाऱ्यांनो, एका हातात काठी, दुसऱ्यात फावडं, मोबाईल काय दातात धरू? (धरतो, तो भाग वेगळा.)

ही चूक वैमानिकांनीही केली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 विमानं जमिनीवर उतरल्यावर पायलट पंखाच्या फ्लॅपऐवजी चाकंच आत ओढून घेत, अन् विमान पोटावर बसे. दोन्ही खटके सारखे अन् जवळजवळ. अल्फॉन्स चापॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं पायलटला दोष दिला नाही. एका खटक्याला रबरी चाक लावलं, दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा. न पाहता हाताला कळायला लागलं. आजही विमानात चाकांच्या खटक्याची मूठ चाकासारखीच असते.

मग आमच्या बोटांनी काय घोडं मारलं? चिमटीत रुई ओढून धाग्याची लांबी सांगणारे जुने पारखी आपल्या नागपूर-वर्ध्यात होते. वेचणाऱ्या बाया गप्पा मारत मारत पिकलं बोंड बरोबर काढतात, कच्च्याला हात लावत नाहीत. एवढी हुशार बोटं, अन् पेटी बनवताना त्यांना कोणी विचारत नाही.

उलट आता गुळगुळीत टच पॅनल आणून राहिले. ओल्या, चिखलाच्या बोटाला त्यातलं अर्धं कळतच नाही. म्हणे आधुनिक!

स्टॉप मोठं अन् वर आलेलं, स्टार्ट आत दबलेलं, एवढंच पाहिजे. कारखान्यातल्या मशीनवर छत्रीसारखं लाल बटण असतेच की, तळहातानं थापलं तरी बंद. तिथं दिवसभर उजेड असतो, तरी देतात. आम्हाला रात्रीची लाईन देता, मग रात्री वापरता येईल अशी पेटीही द्या.

मोटर भरायला टाकली आहे. तोवर मेन बंद करून स्टॉपच्या बटणावर एम-सीलचा गोळा बसवला. आमचा गडी डोळे मिटून तीनदा हात लावून पाहून गेला, तिन्हीदा बरोबर.