कबाड्याला देण्याआधी उलटून पाहा

दिवाळीची आवराआवर निघाली की द्वारका-नोएडातल्या आपल्या घरांच्या माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम खाली येतो आणि रद्दीबरोबर कबाड्याच्या तराजूत पडतो. पुढे सीलमपूर, आणि तिथे त्याचे तुकडे. एवढी घाई करू नका. डबा उलटा करून खालचं लेबल आधी वाचा.

निन्टेंडोचा फॅमिकॉम 1983 साली जपानात आला. पांढऱ्या डब्यावर लालसर कडा, वायरीने कायमचे जोडलेले दोन पॅड, त्यातल्या दुसऱ्यावर स्टार्ट-सिलेक्टची बटणंच नाहीत, त्यांच्या जागी माइक. लेबलवर एचव्हीसी-001 दिसलं तर तो घरात ठेवा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी पोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकला: लिटल मास्टर, मीडिया वगैरे. त्यांचे पॅड बहुधा सुटे निघतात, आणि झाकण उघडलं तर चिपच्या जागी अनेकदा काळ्या राळेचा गोळा दिसतो. कॅसेटवर 9999999 गेम छापलेले असतात; आत मोजकेच, बाकी तोच मारिओ वेगळ्या लेव्हलपासून सुरू. पालिका बाजारात कुणी असा डबा अस्सल म्हणून दाखवला तर त्या भावाने घेऊ नका. पण नक्कल म्हणून घरातला फेकूही नका, कारण आपली पिढी खेळली ती यावरच. सेगाचं मशीन तर इथे शॉ वॉलेसने आणलं होतं, म्हणजे चक्क मद्याच्या कंपनीने!

प्लेस्टेशन 2 असेल तर लेबलवर एससीपीएचने सुरू होणारा नंबर असतो. जाड मॉडेल 2000 सालचं, सडपातळ 2004 पासूनचं. विकत घेताना नकली डिस्क चालवणारी चिप आत बसवली आहे का ते विचारा, आणि डिस्क घालून दहा मिनिटं समोर चालवायला लावा. लेन्स थकलेली असेल तर तिथेच कळेल.

जपानी मशीनचा अडॅप्टर मात्र थेट सॉकेटला लावू नका. तिथली वीज 100 व्होल्टची, आपली 230. घरातला दुसरा कुठलाही अडॅप्टरही चालत नाही. फॅमिकॉमच्या पिनेत ऋण टोक मधोमध असतं. शिवाय तो जपानी चॅनलवर चित्र सोडतो, म्हणून आपल्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसल्या तर मशीन मेलं असं समजू नका.

आणि कॅसेटमध्ये फुंकर मारणं आता पुरे. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच कॅसेट लावा.